जांगड, व्ही. पी. आणि ऑनलाइन बाजारपेठ : खरेदीदार-संरक्षणाचा भार

१

ग्राहकाच्या संरक्षणाविषयी शंका उपस्थित करणे म्हणजे दुर्बळाच्या विरुद्ध बोलणे होय, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. खोटे माप, भेसळ आणि फसव्या जाहिराती ह्यांचा अनुभव घेतलेल्या समाजात ग्राहकाची बाजू घेणारा कायदा उशिरानेच आला, आणि आला तो स्वागतार्हच होता. परंतु एखाद्या संरक्षणाची घोषणा एकाने करावयाची, त्याचे श्रेय त्यानेच घ्यावयाचे, आणि त्याचा खर्च मात्र तिसऱ्यानेच सोसावयाचा, अशी व्यवस्था जेथे दिसते तेथे त्या संरक्षणाची चिकित्सा करणे हे ग्राहकद्रोहाचे लक्षण ठरत नाही. ऑनलाइन बाजारपेठांतील खरेदीदार-संरक्षणाची धोरणे आणि लहान विक्रेते ह्यांचा संबंध नेमका ह्या स्वरूपाचा आहे.

हा संबंध पाहावयास फार दूर जावयास नको. अंबरनाथच्या पूर्वेकडील पालेगावात शेतजमिनींच्या जागी एकामागून एक गृहसंकुले उभी राहिली आहेत. त्यांत राहावयास आलेल्या नोकरदार कुटुंबांची कापडचोपडाची बरीचशी खरेदी आता दाराशी येणाऱ्या पार्सलातून होते. तेथून दोन-तीन कोसांवर उल्हासनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत, कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी वसलेली. १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. जीन्स शिवणारे लहानमोठे कारखाने आणि फर्निचरचा बाजार ह्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. उल्हासनगरात शिवलेली विजार पालेगावातील एखाद्या घरी ऑनलाइन मागविली जाते, पसंत न पडल्यास परत पाठविली जाते. आणि एकाच जिल्ह्यात, हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर राहणारे हे दोघे परस्परांस कधीही भेटत नाहीत. त्यांच्यामधील वादाचा निकाल तिसराच कोणी देतो. ह्या तिसऱ्याचे, म्हणजे बाजारपेठ चालविणाऱ्या पेढीचे, स्थान काय, हाच ह्या विषयाचा गाभा आहे.

२

माल पाहून मग ठेवावा अथवा परत करावा, ही सवलत नवी नव्हे. मराठी व्यापारात तिला ‘जांगड’ हा शब्द आहे. सराफाकडून दागिना किंवा कापडवाल्याकडून लुगडी जांगड म्हणून घरी न्यावीत, घरच्यांस दाखवावीत, पसंत पडेल ते ठेवून उरलेले परत करावे, हा परिपाठ पिढ्यानपिढ्या चालत आला. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या चोविसाव्या कलमाने ह्याच व्यवहाराला विधिरूप दिले : पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी खरेदीदाराने पसंती कळविल्यावर, किंवा ठरलेली अथवा वाजवी मुदत उलटूनही माल न परतविल्यास, त्याच्याकडे जाते. जांगडीत जोखीम दुकानदाराचीच असे. परंतु ती त्याने डोळसपणे पत्करलेली असे. जांगड कोणास द्यावयाची हे तो स्वतः ठरवी. घराणे ओळखीचे असे. आणि परत आलेला माल हाती घेऊन, उलटून पालटून पाहिल्यावाचून तो वहीतील नोंद खोडीत नसे.

दुसरा मार्ग टपालाचा. एकोणिसाव्या शतकात भारतीय टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली, तिने अनोळखी माणसांमधील दूरस्थ विक्री शक्य झाली. मराठी प्रकाशकांची आणि औषधविक्रेत्यांची कित्येक वर्षांची उलाढाल ह्या पद्धतीवर चालली. व्ही. पी. सोडवून न घेता परत पाठविणारे गिऱ्हाईक त्या काळीही होते, आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च पाठविणाऱ्याच्याच माथी बसे. मात्र पोस्टमन पार्सल पोचवी, पैसे घेई आणि पैसे पाठवी. पुस्तक चांगले की वाईट, औषध गुणकारी की निरुपयोगी, ह्याचा निवाडा तो करीत नसे. गिऱ्हाइकाने आपल्याचकडून वारंवार खरेदी करावी ही आकांक्षाही टपालखात्यास नव्हती. मध्यस्थ तटस्थ होता, कारण त्यास निवाड्यात स्वारस्य नव्हते.

ऑनलाइन बाजारपेठेने जांगडीची सवलत आणि टपालाचे अंतर ही दोन्ही एकत्र आणली. पण जांगडीतील ओळख आणि पाहणी, व टपालातील तटस्थता, ह्या दोन्ही गोष्टी वगळल्या. येथे चालक पेढीच बहुधा माल वाहून नेते, पैसे आपल्याकडे राखते, तक्रारीचा निकाल देते, निकालाची अंमलबजावणी विक्रेत्याच्या येण्यातून वजावट करून करते, आणि उद्या त्या विक्रेत्याचा माल यादीत कितव्या क्रमांकावर दिसावा हेही तीच ठरविते. ह्या निरनिराळ्या भूमिका एका हाती एकवटणे ही नवी गोष्ट होय. मालवापसी स्वतः नवी नव्हे.

३

तथापि विक्रेत्याची बाजू घेताना एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. खरेदीदार-संरक्षण हे लहान विक्रेत्याच्या केवळ अहिताचे आहे, हा तो भ्रम होय. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि खरेदीदारास अज्ञात असेल, तर खरेदीदार सर्वच मालास सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. आणि अखेरीस बाजारच खुंटतो. हमी, नाममुद्रा व प्रतिष्ठा ह्या संस्था ह्या दोषावरील उतारे आहेत.

नामांकित कंपनीची विजार घेणाऱ्यास त्या नावाची हमी पुरते. उल्हासनगरच्या कारखानदारापाशी असे नाव नाही. उलट, तेथील मालावर ‘यू. एस. ए.’ अशी अक्षरे छापून त्यांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करीत, ही थट्टा मुंबई परिसरात इतकी रुजली आहे की प्रामाणिक कारागिरासही तिचा बट्टा सोसावा लागतो. अ‍ॅकरलॉफ ह्यांच्या सिद्धान्ताला ह्याहून चपखल स्थानिक उदाहरण सापडणे कठीण. अशा विक्रेत्याचा माल नागपूरच्या किंवा गुवाहाटीच्या अनोळखी गिऱ्हाइकाने मागवावा, ह्यासाठी ‘न आवडल्यास पैसे परत’ हे आश्वासन त्यास हवेच आहे. ते आश्वासन काढून घेतले तर प्रथम बुडेल तो लहान विक्रेताच. मोठ्या नावांचे फारसे बिघडणार नाही. म्हणून संरक्षण असावे की नसावे, हा प्रश्न चुकीचा मांडला गेला आहे. ते कोणत्या कारणासाठी, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या निवाड्याने, हा खरा प्रश्न होय.

४

ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधू गेल्यास एक विसंगती आढळते. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला, आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्यविषयक नियम प्रसृत झाले. त्या नियमांतील सहाव्या नियमानुसार बाजारपेठेतील विक्रेत्यास पुढील प्रसंगी माल परत घेण्यास व पैसे परत देण्यास नकार देता येत नाही : माल सदोष, उणा किंवा बनावट असल्यास, जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म त्यात नसल्यास, आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा तो उशिरा पोचल्यास. ह्यांत ‘मन बदलले’, ‘रंग आवडला नाही’, ‘दोन मापे मागवून एक ठेवले’ ही कारणे नाहीत. विनाकारण मालवापसीची मोकळीक ही कायद्याची आज्ञा नसून चालक पेढ्यांच्या परस्पर स्पर्धेतून निर्माण झालेली उदारता आहे. ग्राहक कायद्यामुळे लहान व्यापारी मेला, ही व्यापारी वर्तुळांतील तक्रार म्हणूनच नेम चुकलेली आहे. कायदा आणि औदार्य ह्यांतील सीमारेषा पुसली गेल्याने दोन्हींचा खर्च एकाच खात्यावर पडू लागला, हे अधिक खरे.

नियमांचा स्वतःचाही दोष आहे. उशिरा पोचलेल्या मालाचा भार सहावा नियम विक्रेत्यावर टाकतो; दैवी अथवा अनिवार्य आपत्तीचा अपवाद सोडता, उशीर कारखान्यात झाला की वाहतुकीत, असा भेद तो करीत नाही. १९३० च्या कायद्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे खरेदीदाराकडे पोचविण्यासाठी वाहतूकदाराच्या हाती माल सोपविणे हे सकृद्दर्शनी खरेदीदारास माल दिल्यासारखेच मानले जाते. नव्या नियमाने ही जोखीम उलट फिरविली. दूरच्या ग्राहकाच्या दृष्टीने हे समर्थनीय आहे. परंतु वाहतूकदार जेव्हा चालक पेढीनेच नेमलेला असतो, तेव्हा ती जोखीम पेढीकडे न जाता विक्रेत्याकडे जावी, ह्यास तत्त्वाचा आधार दिसत नाही.

ह्या विसंगतीचे मूळ थोडे आधीच्या एका दस्तऐवजात आहे. परकीय भांडवलाच्या पेढ्यांनी स्वतःचा माल न विकता केवळ बाजारपेठ चालवावी, ह्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये जी प्रसिद्धिटीप काढली, तीत विक्रीनंतरची मालाची पोच आणि ग्राहकाचे समाधान ही विक्रेत्याची जबाबदारी राहील, असे स्पष्ट म्हटले आहे. मालाची मालकी नाही म्हणून जबाबदारी नाही, असा तो तर्क. वरवर तो बिनचूक वाटतो. परंतु समाधान कशास म्हणावे, ते किती दिवसांत, कोणत्या पुराव्यावर आणि किती उदारपणे मोजावे, हे ठरविण्याचा अधिकार व्यवहारात पेढीकडे राहिला. अधिकार एकाकडे आणि उत्तरदायित्व दुसऱ्याकडे, ही कोणत्याही व्यवस्थेतील जुनीच व्याधी येथे सरकारी टिपणीनेच रुजविली.

विक्रेत्यास दाद मागावयास जागा कोठे आहे, हेही पाहावे. पालेगावच्या खरेदीदारास २०१९ च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे ठाण्याच्या जिल्हा आयोगापुढे, तक्रार करण्याची सोय दिली आहे. अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. पण ती ग्राहकाशी झालेल्या करारापुरतीच. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यासाठी तेवढा अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात, जो महाराष्ट्रातील एका लघुउद्योगाचाच होता, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ह्या अपवादाची व्याप्ती सांगितली : स्वतः राबणाऱ्याने एकदोघांचे साहाय्य घेतल्याने तो ग्राहकपणास मुकत नाही; परंतु त्या उद्योगास स्वतःस मात्र ह्या अपवादाचा लाभ मिळाला नाही. दहा शिलाईयंत्रे चालविणारा उल्हासनगरचा कारखानदार ह्या रेषेच्या पलीकडेच पडण्याचा संभव अधिक. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला, तो माल ‘खरेदी करणाऱ्या’विरुद्ध, चालक पेढी तर स्वतःस खरेदीदार म्हणवीतच नाही. अशा रीतीने हा विक्रेता प्रत्येक कायद्याच्या उंबरठ्यावर येतो आणि कोणत्याही घरात शिरू शकत नाही.

५

ह्या अवस्थेचा आर्थिक अर्थ एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. असे समजू की एका विजारीची विक्रीकिंमत ६०० रुपये, उत्पादनखर्च ४३० रुपये, आणि पेढीचे कमिशन व वाहतूक मिळून ११० रुपये. म्हणजे विक्रेत्यास नगामागे ६० रुपये सुटतात. शंभर नगांपैकी वीस परत आले, आणि परत येणाऱ्या प्रत्येक नगावर जाण्यायेण्याची वाहतूक व पुन्हा बांधणी मिळून १६० रुपये पडले, तर ऐंशी नगांवरील ४,८०० रुपयांतून ३,२०० रुपये जाऊन १,६०० रुपये उरतात. आता त्या विसांपैकी केवळ चार नग वापरलेले, डागाळलेले किंवा बदललेले निघाले, तर आणखी १,७२० रुपये बुडाले. शंभर नगांच्या धंद्यात १२० रुपये तोटा आला. शंभरांतील चार परतींचा निवाडा कोणत्या बाजूने लागतो, ह्यावर सगळा धंदा नफ्यात की तोट्यात हे ठरते. वाहतुकीचा सवलतीचा दर मिळविणाऱ्या मोठ्या विक्रेत्यास परतीचा खर्च १६० ऐवजी ६० रुपये पडत असेल, तर त्याच परिस्थितीत त्यास १,८८० रुपये उरतात. नियम दोघांस समान. परिणाम मात्र समान नाही.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत. त्यांवरून कोणत्याही पेढीविषयी निष्कर्ष काढावयाचा नाही. त्यांतून दिसणारी रचना मात्र विचारात घेण्यासारखी आहे. वादग्रस्त परतीचा निवाडा देणाऱ्या पेढीस प्रत्येक वेळी दोन तोट्यांची तुलना करावी लागते. खरेदीदार नाराज झाला तर तो प्रतिस्पर्धी बाजारपेठेकडे जातो. विक्रेता नाराज झाला तर त्याच्या जागी तसाच माल विकणारे दुसरे विक्रेते उभे असतात. अशा स्थितीत निवाडा खरेदीदाराकडे झुकण्यास कोणाच्या दुष्टाव्याची आवश्यकता नाही. हितसंबंधांचा उतारच त्या बाजूस आहे. ‘ई-बे’ने २००८ साली विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी प्रतिकूल शेरा नोंदविण्याची मनाई केली, तेव्हा परस्परांच्या प्रतिष्ठेवर उभी असलेली पद्धती एकतर्फी झाली. सूडापोटी दिल्या जाणाऱ्या शेऱ्यांना आळा घालणे हे त्याचे कारण सांगितले गेले, आणि त्यात तथ्यही होते. परंतु लबाड खरेदीदाराची ओळख पटविण्याचे विक्रेत्याच्या हातचे साधन त्याबरोबरच गेले. जांगडवाल्या दुकानदारापाशी निदान ‘ह्या घरी पुन्हा जांगड नाही’ एवढे म्हणण्याचा हक्क होता.

काही पेढ्यांनी विक्रेत्यांच्या नुकसानभरपाईच्या योजना आखल्या आहेत, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. तथापि भरपाईचा अर्ज ज्याच्या निवाड्याविरुद्ध करावयाचा, त्याच्याचपुढे तो करावा लागतो. आणि पुराव्याचा बोजा अशा विक्रेत्यावर पडतो, ज्याने माल परत जाताना पाहिलेला नसतो.

६

दुर्बळ विक्रेता ही कल्पना भारतीय कायद्यास अपरिचित आहे काय? मुळीच नाही, किंबहुना महाराष्ट्राच्या भूमीतच ती प्रथम रुजली. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्यामागे विलायतेच्या गिरण्यांस चांगला कापूस मिळावा हा हेतू होता, हे विसरता येत नाही. पण त्याच चौकटीतून शेतकऱ्याच्या संरक्षणाचा विचार पुढे वाढला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने खोटी वजने, मनमानी वजावटी आणि शेतकऱ्यास न कळणारे गुप्त सौदे ह्यांची नोंद घेऊन नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि त्यानंतरचा महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा ह्या परंपरेतील होत.

त्या कायद्यांनी माल घेणाऱ्यास शत्रू मानले नाही. त्यांनी बाजाराच्या चालकावर बंधने घातली : वजन उघड व्हावे, वजावट नियमाबाहेर होऊ नये, विक्रेता व खरेदीदार ह्यांच्यामधील वाद समितीने मिटवावेत, आणि समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. बाजार समित्यांत पुढे जे गटबाजीचे व मक्तेदारीचे दोष शिरले ते सर्वश्रुत आहेत, आणि त्यांचे गुणगान येथे अभिप्रेत नाही. परंतु बाजार चालविणाराने निवाड्यातील एकमेव न्यायाधीश असू नये, हे त्यांमागचे तत्त्व दोषी ठरत नाही. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्या वादाची गुणवत्ता काहीही असो, मध्यस्थीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडावा हे निसर्गाने ठरविलेले नसून धोरणाने ठरते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

ऑनलाइन बाजारपेठेतील मनमानी वजावट आणि जुन्या अडतीच्या पट्टीतील कडता ह्यांत जातीचा फरक नाही. फरक इतकाच की, कडता शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर कापला जाई.

७

ह्या विवेचनातून निघणाऱ्या सुधारणा फार क्रांतिकारक नाहीत. पहिली, कायद्याने आवश्यक असलेली मालवापसी आणि औदार्याची मालवापसी ह्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. दुसरीचा खर्च, ती घोषित करून गिऱ्हाईक जोडणाऱ्या पेढीने सोसावा, किंवा निदान विक्रेत्यास ती नाकारण्याची मुभा असावी. दुसरी, वाहतूक पेढीची असेल तर उशिराची व मोडतोडीची जोखीमही तिचीच असावी. तिसरी, विक्रेत्याच्या रकमेतून वजावट करण्यापूर्वी कारण, छायाचित्र आणि परत आलेल्या मालाच्या पाहणीची संधी त्यास मिळावी. खरेदीदाराचे पैसे त्याआधीच परत द्यावयास हरकत नाही. मधल्या काळाचा भार पेढीने उचलावा. चौथी, अंतिम निवाडा पेढीबाहेरील असावा.

ह्यांतील शेवटच्या दोन सुधारणांचा नमुना परदेशांत सापडतो. युरोपीय संघाचा २०१९ चा विनियम, जो १२ जुलै २०२० पासून लागू झाला, त्याने व्यावसायिक विक्रेत्याचे खाते रोखताना लेखी कारणे देणे, अटी बदलण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची सूचना देणे, अंतर्गत तक्रारव्यवस्था ठेवणे आणि बाहेरील मध्यस्थांची नावे सांगणे ही बंधने घातली. लहान चालकांस काही बंधनांतून सूट दिली. परतीचा खर्च कोणी सोसावा ह्याबाबत मात्र तो मौन पाळतो. भारतात स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० च्या आपल्या बाजार-अभ्यासात पेढी व विक्रेता ह्यांच्यामधील करारांतील अन्याय्य अटींचा प्रश्न मांडला; पण उपाय म्हणून पेढ्यांनी स्वेच्छेने पारदर्शकता पाळावी, एवढेच सुचविले. त्याच वर्षीच्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्या-विक्रेत्यांत केल्या जाणाऱ्या भेदाचे ‘वर्णन’ अटींत द्यावयास सांगितले. त्या भेदाच्या न्याय्यतेची कसोटी सांगितली नाही. अन्यायाचे वर्णन छापले म्हणजे अन्यायाचे निवारण झाले, असे मानता येत नाही.

२०२० च्या नियमांचे श्रेय हे की, त्यांनी दूरच्या, अदृश्य विक्रेत्यापुढे ग्राहकास निराधार ठेवले नाही. त्यांची मर्यादा ही की, त्यांनी व्यवहारात दोनच माणसे पाहिली, घेणारा आणि देणारा. वास्तविक ह्या व्यवहारात तीन माणसे आहेत, आणि तिसरा त्या दोघांहून बलवान आहे. पालेगावचा खरेदीदार आणि उल्हासनगरचा विक्रेता हे परस्परांचे प्रतिपक्षी नव्हेत. दोघेही मोजक्या मिळकतीची माणसे. एकास खोटा माल नको आहे, दुसऱ्यास खोटी परत नको आहे. एकाची मागणी कायद्याने ऐकली. दुसऱ्याची ऐकली गेली नाही, तर चांगला माल देणारे लहान विक्रेते ह्या बाजारातून एकेक करून निघून जातील, आणि अ‍ॅकरलॉफ ह्यांनी वर्णिलेली आपत्ती खरेदीदाराच्या अज्ञानामुळे नव्हे, तर त्याच्या संरक्षणाच्या सदोष रचनेमुळे ओढवेल. तसे झाल्यास त्याचे नुकसान अखेर खरेदीदारासच भोगावे लागेल.